चालणाऱ्याबरोबर उठणारं पाणी: सहा कारंज्यांची बाग कशी बांधायची

पायवाटेवरून माणूस चालतो आणि शेजारच्या पाटात त्याच्याच चालीने एकेक कारंजं वर येतं. तो थांबला की पाणीही खाली बसतं. खेळ एवढाच. पण असल्या बागा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात: माणूस पुढे निघून जातो आणि कारंजं त्याच्या पाठीमागे उठतं. मग बघणाऱ्याला वाटतं, हे टायमरवर चाललंय. पाऊल आणि पाणी यांच्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडलं की दोघांचं नातं तुटलं. म्हणून आखणी सेन्सर किंवा प्रोग्रामपासून सुरू करायची नाही. पाण्याला उशीर कुठे होतो, ते आधी बघायचं.

इथे दिलेली मापं कोल्हापूर डोळ्यासमोर ठेवून, सहा मीटर लांबीच्या एका पाटाची आहेत. बंगल्याचं आवार, शाळेचं मैदान, सोसायटीची मोकळी जागा, कुठेही बसेल.

उशिराचा हिशोब

कारंज्याची उंची ठरवताना सगळ्यांचा हात ढिला सुटतो. दोन मीटर, तीन मीटर. पण उंच कारंजं मुळातच मंद असतं. पाणी दोन मीटर वर जायला ०.६४ सेकंद घेतं आणि ४५ सेंमी वर जायला ०.३ सेकंद. पंप कितीही महाग घ्या, गुरुत्वाकर्षणापुढे कुणाचं चालत नाही. शिवाय पंपाला वेग घ्यायला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ४५ सेंमीचं कारंजं अर्ध्या सेकंदात पूर्ण उभं राहतं आणि हलायला लागलेलं पाव सेकंदाच्या आतच दिसतं. आपल्याला तेवढं चालतं. दोन मीटरचं कारंजं या खेळात घ्यायचंच नाही.

दुसरा उशीर पाइपातला. एक मोठा पंप लांब कोपऱ्यात ठेवून तिथून सहा फाटे काढले, की पंप बंद असताना पाइपातलं पाणी मागे उतरतं. पुन्हा चालू केल्यावर आधी पाइप भरणार, मग हवा फुर्रकन बाहेर पडणार आणि मग कारंजं. यावर उपाय म्हणून लोक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघड-मिट होणारे व्हॉल्व्ह, बसवतात. पण बाजारात सहज मिळणारे पायलट पद्धतीचे (पाण्याच्याच दाबाची मदत घेणारे) व्हॉल्व्ह उघडायला साधारण ०.३ ते ०.५ बार दाब मागतात, आणि ४५ सेंमीच्या कारंज्याला नोझलपाशी, म्हणजे पाणी उडतं त्या तोटीपाशी, ०.०५ बारसुद्धा लागत नाही. मग दाब वाढवायचा, पुढे तो मारायचा, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह मिटताना पाइपात धडधड ऐकायची. सहा महिन्यांत सांधे गळायला लागतात.

त्यापेक्षा प्रत्येक नोझलखाली त्याचा स्वतःचा छोटा पंप ठेवा. पंपापासून नोझलच्या तोंडापर्यंत जेमतेम २० सेंमी पाइप. आणि पंप कधीच पूर्ण बंद करायचा नाही. कुणी नसताना तो एवढाच फिरत ठेवायचा, की नोझलच्या तोंडावर बोटभर उंचीचा पाण्याचा घुमट थरथरत उभा राहील. पाणी तयारीत उभं असतं, माणूस आला की फक्त उडी मारतं. या एका गोष्टीने बागेचा अर्धा जीव येतो, आणि कुणी नसतानाही ती मेलेली दिसत नाही.

जागा आणि दिशा

पाट पूर्व-पश्चिम ठेवा, पायवाट त्याच्या दक्षिणेला. याला दोन कारणं. कोल्हापुरात उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पाट पूर्व-पश्चिम असला तर तुषार पाटाच्या लांबीतच पडतात, आडवे उडून पायवाट निसरडी करत नाहीत. दुसरं, सेन्सर पायवाटेच्या दक्षिण कडेला बसून उत्तरेकडे बघतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यात मावळतीचं ऊन जात नाही. दिशा चुकली तर संध्याकाळी साडेपाच-सहाला, नेमकी माणसं यायच्या वेळी, सगळं वेड्यासारखं उडायला लागतं.

झाडाखाली जागा नको, गुलमोहराखाली तर मुळीच नको. त्याची बारीक पानं कुठल्याही जाळीतून आत शिरतात आणि नोझलमध्ये जाऊन बसतात.

पंचगंगा नदीकडच्या भागात बांधत असाल तर आधी शेजाऱ्यांच्या भिंतींवरच्या खुणा बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुराची ओल कुठवर चढली होती ते घराघरांत माहीत असतं. विजेची पेटी त्या खुणेच्या वर. जमत नसेल तर पेटी भिंतीवर अशी लावा की चार बोल्ट काढून उचलता येईल.

पाट

आतलं माप ६ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. कारंज्यापासून काठ निदान कारंज्याच्या उंचीइतका लांब असावा, म्हणून मधोमध नोझल आणि दोन्ही बाजूंना ४५-४५ सेंमी. पाट जमिनीत खणू नका, वर उचला. काठ पायवाटेपासून ४५ सेंमी उंच, म्हणजे बसायला कट्टा होतो, रांगतं पोर सहज आत पडत नाही, आणि पुढे बघाल तसं सेन्सरचंही काम सोपं होतं.

पंचगंगेच्या बाजूला काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम तडकवते. अशा ठिकाणी ६० सेंमी माती काढून मुरूम भरा. १५ सेंमीचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. एकदम ओतून वरून धुमस मारला तर खालचा मुरूम पोकळच राहतो. मुरमावर १० सेंमी १:४:८ चं काँक्रीट. त्यावर १२ सेंमी आरसीसी स्लॅब, ८ मिमीची सळई दोन्ही बाजूंनी १५ सेंमीवर. भिंती १० सेंमी जाड, त्याही आरसीसीच्या. एम-२० धरला तर स्लॅब आणि भिंती मिळून सव्वा घनमीटर काँक्रीट, साधारण दहा पोती सिमेंट. स्लॅब आणि भिंत शक्यतो एकाच दिवशी ओता. सेंट्रिंगवाला "भिंत उद्या करू" म्हणेल. तो उद्याचा सांधाच पुढे गळतो.

तळाला ६ मीटरमध्ये ३ सेंमी उतार द्या आणि खालच्या टोकाला दोन इंची ड्रेन. पाणी खोल टोकाला २५ सेंमी, दुसऱ्या टोकाला २२. एकूण साधारण १२७० लिटर. पाण्याच्या ठरलेल्या पातळीवर ५० मिमीचा ओव्हरफ्लो पाइप हवाच. पावसात पातळी दोन-तीन सेंमी वाढली तर नोझलची तोंडं बुडतात, आणि बुडालेलं नोझल आजूबाजूचं पाणी ओढून बुटकं, जाडं, फेसाळ कारंजं करतं. भर घालायला साधा बॉल कॉक. उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिमी पाणी उडतं, म्हणजे या पाटातून ४० लिटर, तुषारांत जातं ते वेगळं.

चौदा दिवस पाणी मारून क्युरिंग झालं की पॉलिमर सिमेंटचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. मग पाट भरून सात दिवस ठेवा. पातळी उतरली म्हणजे गळतंय की उडतंय, हा वाद हमखास होतो. तो मिटवायला एक बादली पाटाच्याच पाण्यात ठेवा, आत तेवढंच पाणी भरा, आणि बादलीच्या आत व पाटाच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन, पाटात जास्त उतरलं तर गळती. ही परीक्षा फरशी बसवायच्या आधी.

आतून कडप्पा लावला तर पाणी काळं, खोल दिसतं आणि पंप-वायरी नजरेत येत नाहीत. काठावर छिन्नीने घडवलेला काळा दगड, पायवाटेच्या बाजूने ५ सेंमी बाहेर काढलेला. गुळगुळीत फरशी काठावरही नको आणि पायवाटेवरही नको. शेवाळ धरलं की माणूस आडवा होतो.

वायरसाठी पाण्याखाली भिंतीला भोक पाडायचं नाही. वायरी काठावरून, दगडाखालच्या खोबणीतून बाहेर काढा.

नोझल आणि पंप

नोझल सहा, एकमेकांपासून १ मीटरवर, टोकांपासून अर्ध्या मीटरवर. भोक ८ मिमी. ४५ सेंमी उंचीला पाणी नोझलमधून सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाने निघतं. ८ मिमीच्या भोकातून तासाला ५४० लिटर. त्यासाठी २४ व्होल्टचा, ब्रशलेस, तासाला १००० लिटर आणि ५ मीटर हेड (पाणी चढवायची उंची) लिहिलेला, पाण्यात बुडवून चालणारा सबमर्सिबल पंप घ्या. डब्यावरचे दोन आकडे एकाच वेळी मिळत नसतात: १००० लिटर हे शून्य उंचीला, आणि ५ मीटर उंचीला पाणी शून्य. आपल्याला दोन्हींच्या मधलं लागतं आणि हातात थोडी ताकद शिल्लक राहते.

पंप घेताना एकच गोष्ट दुकानदाराकडून पक्की करून घ्या: वेग बदलायची वेगळी वायर आहे का. फक्त लाल-काळी अशा दोनच वायरींचा पंप असेल तर त्याचा वीजपुरवठा तोडून-जोडून वेग बदलता येत नाही. आतलं सर्किट प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतं, पंप अडखळतो आणि काही आठवड्यांत जातो. तिसरी किंवा चौथी कंट्रोल वायर असलेलाच पंप घ्यायचा.

नोझल उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, कुठल्याही लेथवर पितळेत होतं. कारागिराला तीन गोष्टी सांगा. आतून निमुळता उतार, शेवटचे १५ मिमी भोक सरळ, आणि ड्रिल मारून वर रीमर, म्हणजे भोक आतून गुळगुळीत करणारं हत्यार. चौथी तो विसरतो ती तुम्ही बघायची: तोंडाच्या कडेवरची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक उभी कड. नखाला लागेल न लागेल एवढी बर असली तरी काचेच्या कांडीसारखं दिसायला हवं ते पाणी तोंडातून बाहेर पडताच फाटतं. पाणी एका बाजूला फाटत असेल तर त्याच बाजूला बर आहे, हे डोळे झाकून समजा.

पंपातून येणारं पाणी गोल फिरत येतं. ते सरळ करायला २५ मिमीच्या पाइपात सरबताच्या नळ्यांचे १० सेंमी तुकडे गच्च भरा आणि वर नोझल बसवा. बघायला पोरखेळ वाटतो, पण सपाट, गुळगुळीत धार याच्याशिवाय येत नाही. पंपाभोवती २ मिमी जाळीचा स्टीलचा पिंजरा हवा, नाहीतर त्याच नळ्या कचऱ्याने तुंबतात.

नोझलचं तोंड पाण्याच्या वर २ सेंमी. सहाही तोंडं एका पातळीत आणायला गवंड्याची लेव्हल नळी पुरते. पण नोझल अगदी ओळंब्यात उभं करू नका. उभ्या कारंज्याचं खाली येणारं पाणी वर जाणाऱ्या धारेवरच आपटतं आणि धार खचते. पूर्वेकडे ४ अंश कलवा. पाणी १२ सेंमी पुढे पडतं, धार मोकळी राहते आणि पश्चिमेचा वारा तिला आणखी पुढेच ढकलतो, मागे नाही.

सेन्सर

नियम एकच: सेन्सरने माणसाकडे बघायचं, पाण्याकडे कधीच नाही. हलतं पाणी आणि हलता माणूस यांतला फरक बहुतेक स्वस्त सेन्सरना कळत नाही. मायक्रोवेव्ह आणि रडार सेन्सर कारंज्यालाच माणूस समजतात. एकदा उडालेलं कारंजं स्वतःलाच पुन्हा उडवत राहतं आणि बाग रात्रभर एकटीच नाचते. अंगाच्या उष्णतेवर चालणारा पीआयआर सेन्सर घरात ठीक. बाहेर तापलेल्या भिंतीवरून आलेली वाऱ्याची झुळूक आणि उन्हात हलणारी फांदीही त्याला पुरते, शिवाय एकदा सुटल्यावर तो दोन-अडीच सेकंद आंधळा असतो. आवाजाच्या लहरींवर चालणाऱ्या अल्ट्रासॉनिकचा वॉटरप्रूफ प्रकार मिळतो, पण जवळचे वीस-पंचवीस सेंमी त्याला दिसत नाहीत आणि सहा शेजारी शेजारी लावले की एकाचा आवाज दुसरा ऐकतो. लेझरने अंतर मोजणारे छोटे सेन्सर आपल्या उन्हात दुपारभर निकामी.

इथे चालतो तो कारखान्यातला फोटोइलेक्ट्रिक सेन्सर, रिफ्लेक्टरवाला, पोलराइज्ड. कन्व्हेयरवर खोकी मोजायला वापरतात तोच. सेन्सर उजेडाचा किरण सोडतो, समोरचा रिफ्लेक्टर तो परत पाठवतो, मध्ये कुणी आलं की किरण तुटतो. २४ व्होल्ट, एनपीएन आउटपुट, आयपी६७ (पाणी-धूळ आत न जाणारा), दोन-तीन मीटर पल्ला. पायवाट १.२ मीटर रुंद. तिच्या दक्षिण कडेला, झुडपांत लपवलेल्या छोट्या खांबांवर, ३५ सेंमी उंचीवर सहा सेन्सर. समोर कट्ट्याच्या बाहेरच्या अंगावर सहा रिफ्लेक्टर. काठाचा दगड पाच सेंमी बाहेर आहे म्हणून रिफ्लेक्टरवर ओघळ येत नाहीत. पाणी कट्ट्याच्या पलीकडे, किरण अलीकडे. दोघांची गाठच पडत नाही.

३५ सेंमी उंचीवर मोठ्यांची पिंढरी आणि लहान पोराचं पोट, दोन्ही सापडतं. भटकं कुत्रंही सापडतं आणि कारंजं त्यालाही मान देतं. ते राहू द्या. त्या उंचीवर एक अडचण मात्र येते. चालताना एक पाय किरणातून बाहेर जातो आणि दुसरा आत येतो, मध्ये किरण क्षणभर मोकळा होतो. म्हणून किरण सुटल्यावरही ३०० मिलिसेकंद "माणूस आहे" असंच धरायचं. हे न केल्यास कारंजं चालणाऱ्याच्या पावलागणिक उचकी दिल्यासारखं करतं.

मेंदू आणि वायरिंग

प्रोग्राम चालवायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड पुरे. सेन्सरची २४ व्होल्टची वायर सरळ बोर्डाला जोडलीत तर बोर्ड गेला. मध्ये ऑप्टोकपलर (उजेडाने संकेत पोचवून दोन्ही सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घाला, प्रत्येक सेन्सरला एक. पंपाच्या कंट्रोल वायरला बहुधा ५ व्होल्ट लागतात आणि बोर्ड ३.३ देतो, म्हणून तिथेही मध्ये एक ट्रान्झिस्टर. पंप पूर्ण वेगाने सव्वा अँपिअरच्या आसपास घेतात, सहांचे साडेसात. घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा १५ अँपिअरचा एसएमपीएस अर्ध्या भाराने निवांत चालतो. पंपापर्यंत दीड चौरस मिमीची तांब्याची वायर.

पाण्यात २३० व्होल्ट जाता कामा नयेत. गणपतीच्या देखाव्यात टबात घरगुती पंप सोडून कारंजं करायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती इथे आणू नका. एसएमपीएस पाण्यापासून दूर, कोरड्या पेटीत, त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच. पेटीत वायरी खालूनच शिराव्यात आणि शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल असावा, म्हणजे थेंब झोलावरून गळतो, आत जात नाही. वायरी आत घेणाऱ्या ग्लँडची रिकामी भोकं बुजवा. उबदार पेटी मुंग्यांना आणि पालींना फार आवडते, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतः मरते ती एसएमपीएस घेऊनच.

पाण्याने वागायचं कसं

प्रोग्राम लिहिताना प्रत्येक नोझलला किती उठायचं याचं एक लक्ष्य द्यायचं, चालू-बंद नाही. किरण तुटला की त्या नोझलचं लक्ष्य १०० टक्के. शेजारच्या किरणांवरून माणूस कुठल्या दिशेने चाललाय ते कळलं की पुढच्या नोझलचं लक्ष्य लगेच ४० टक्के. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे पुढच्या किरणापर्यंत पोचायला त्याला ०.८ सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढचं कारंजं अर्धं उठून वाट बघत असतं आणि उरलेला उशीर गिळला जातो. मागचं नोझल सावकाश खाली.

वर जायला पाव सेकंद, खाली यायला सव्वा सेकंद. दोन्ही वेग सारखे ठेवले की यंत्र वाटतं. झटकन वर आणि रेंगाळत खाली, असं केलं की पाण्याला स्वभाव येतो. हे आकडे आपल्या पाटावर बसून बदलून बघा, कागदावर ठरत नाहीत.

थांबलेल्या माणसाचं काय? किरण तीन सेकंद सलग तुटलेला असेल तर त्याच्या समोरचं कारंजं २० सेंमीवर आणा आणि तिथून दोन्ही बाजूंना हळू लाट सोडा, एकेक नोझल १५० मिलिसेकंदांच्या अंतराने. पोरं पळून दमली की हे शोधून काढतात, आणि मग सगळी पुतळे होऊन उभी. नाद खुळा दृश्य असतं. किरण साठ सेकंदांहून जास्त तुटलेला राहिला तर तो माणूस नव्हे. पान चिकटलंय किंवा रिफ्लेक्टरवर कोळ्याने जाळं केलंय. तो किरण सुटेपर्यंत प्रोग्रामने त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं.

वीज गेली आणि आली तर सहा पंप एकदम सुरू करू नका. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक. आणि वारा जोराचा असेल त्या दिवसांसाठी कमाल उंची २५ सेंमीवर आणणारं एक साधं बटण पेटीवर ठेवा. वारा मोजणारं यंत्र लावायच्या भानगडीत पडायची गरज नाही.

बांधण्याआधीची तालीम

काँक्रीटला हात लावण्याआधी गच्चीवर एक टब, एक पंप, एक नोझल, एक सेन्सर मांडा. शेजारून चाला आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. किरण तुटल्यावर सेन्सरवरचा छोटा दिवा बदलतो. ती फ्रेम धरा आणि पाणी हलल्याची फ्रेम शोधा. साठ फ्रेमच्या आत पाणी हललं पाहिजे, एकशे वीसच्या आत पूर्ण उभं. जास्त लागत असेल तर बहुधा पंपाचा किमान वेग फार कमी ठेवलाय. घुमट थोडा वाढवा.

कमळ कुठे लावायचं

बाग म्हटली की झाडं आली, आणि इथे मोठी चूक होते. लोक कमळ आणि कारंजं एकाच पाण्यात घालतात. कमळाला आणि कुमुदिनीला निवांत पाणी लागतं. पानांवर सतत तुषार पडले तर पानं कुजतात. आणि ज्या पाण्यात पोरं हात घालणार, जे तोंडावर उडणार, त्यात क्लोरीन हवं. ते झाडांना आणि माशांना सोसत नाही. म्हणून पाणी दोन वेगळी. पाटातलं खेळाचं, टबांतलं झाडांचं, आणि मध्ये निदान दीड मीटर अंतर.

टब ६० सेंमी व्यासाचे, ४५ सेंमी खोल. तळाला १५ सेंमी शेतातली चिकण माती. कोकोपीट तरंगून वर येतं आणि पाणी चहासारखं करतं. कमळाला रोज पाच-सहा तास ऊन हवं. कडेने वेखंड आणि कर्दळ. टबात गप्पी मासे सोडायला विसरू नका, डासांच्या अळ्या तेच खातात. जलपर्णी फुकट मिळते आणि फुलंही छान येतात, पण पंचगंगेचं काय होतं ते आपण दरवर्षी बघतो. ती आणूच नका.

पाटातल्या पाण्यात क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, ठेवायचं. २ पीपीएमसाठी १२७० लिटरला ३३ टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ८ ग्रॅम. सरळ टाकायची नाही. बादलीभर पाण्यात विरघळवा, अर्धा तास ठेवा, खाली चुना बसतो तो तसाच सोडून फक्त वरचं निवळ पाणी ओता. तो चुना पाटात गेला तर नोझल बुजतात. उन्हात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून मात्रा संध्याकाळी, बाग बंद झाल्यावर. रोज सकाळी क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्याच्या रंगावरून क्लोरीन सांगणाऱ्या साधनाने, तपासा. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की तिची ताकद जाते, मग ८ ग्रॅमचे १५ घालूनही रंग येत नाही.

पाणी गाळायला लहान सँड फिल्टर, तासाला १३०० लिटरचा. त्याचा पंप पाटाबाहेर कोरड्या जागी. त्याची सक्शन एकाच तोंडातून घेऊ नका. दोन तोंडं, एक मीटर अंतराने, दोन्हींवर घट्ट बसवलेली जाळी. एका तोंडावर पोराचा हात किंवा केस अडकले तरी दुसऱ्यातून पाणी येत राहतं आणि ओढ कमी होते.

नंतरची देखभाल

आठवड्याला रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने पुसा, पिंजरे झटका. पंधरा दिवसांनी पाट रिकामा करून घासा. रिकामा करण्याआधी दोन दिवस क्लोरीन घालू नका, मग तेच पाणी झाडांना देता येतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर नोझलच्या तोंडावर पांढरा थर धरेल. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, सुटतो. तार किंवा खिळा घालून खरवडलंत तर पितळेला ओरखडा पडतो आणि धार पुन्हा फाटते.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाला, पेटी उघडून टर्मिनलचे स्क्रू आवळा आणि सिलिका जेल बदला. नदीकाठी असाल तर पंपांना पाण्याबाहेर सुटणारे कनेक्टर लावून ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. मेन बंद, सहा कनेक्टर सोडा, पंप पिंजऱ्यासकट वर काढा, पेटीचे चार बोल्ट काढून ती वरच्या मजल्यावर न्या. पाट मात्र भरलेलाच ठेवा. रिकाम्या पाटाला खालून चढणारं पाणी उचलू बघतं. पूर ओसरल्यावर गाळ वाळायच्या आत फावड्याने काढा, पाट ब्लीचिंगने धुवा आणि नोझल परत बसवताना पुन्हा लेव्हल नळी लावून बघा, कारण मुरूम थोडा बसलेला असू शकतो.